बेटावरची डिव्हिजन आणि वैनगंगेची वाळू

आज मी मूल गावच्या लाकूड-यार्डात कामाला आहे आणि माझा धाकटा भाऊ तिकडे रत्नागिरीकडे हायस्कुलात शिकतो आहे. या दोन्ही गोष्टी एका माणसामुळे घडल्या. तो माणूस म्हणजे वैनगंगेच्या काठावर आमच्या बैलगाड्यांचा पडाव, म्हणजे मुक्कामाचा तळ, सांभाळणारा, फौजेतून परत आलेला खच्चर-कंपनीचा, म्हणजे खेचरांच्या तुकडीचा, हवालदार. हे आधीच सांगून टाकतो. बाकीची हकीकत सांगायला लागलो की मला घाई सुटते, आणि ज्याचा मान पहिला तो माणूस मागे राहून जातो.

माझी शाळा पाचवीत सुटली. शाळा खाडीपलीकडे होती, होडी चुकली की दिवस बुडायचा, आणि वडील गेल्यावर ती कायमचीच चुकली. पुढे गावातल्या एका रेल्वेवाल्याच्या ओळखीने मी एवढ्या लांब, चांदा जिल्ह्यात, एका जंगल-ठेकेदाराकडे मुन्शी म्हणून लागलो. मुन्शी हा शब्द मोठा, काम साधं. गडचिरोलीकडच्या जंगलात तोडलेलं सागवान बंड्यांवर लादून घ्यायचं, वैनगंगा ओलांडायची आणि सावली गावावरून मूलच्या स्टेशनापर्यंत आणून पोचवायचं. बंडी म्हणजे बैलगाडी, हेही मला इथेच कळलं. धाकट्याची शाळा माझ्या मनीऑर्डरवर चालायची. माझं काम गेलं की त्याचीही होडी चुकणार, हे मला उठता-बसता दिसायचं. त्यामुळे मी बसतच नसे. दोर पुन्हा तपासायचे, कण्यांना वंगण आहे का ते पुन्हा बघायचं, झोपलेल्या माणसाला उठवून विचारायचं की बैलांना पाणी दाखवलं का. बंडीवाले मला कंटाळले होते.

त्या साली ठेकेदाराने हंगाम लवकर उघडला. दिवाळी सरून फार दिवस झाले नव्हते आणि पहिली खेप निघाली. नदीला पाणी गुडघ्याएवढंच होतं, पण वैनगंगेची अडचण पाण्याची नाही, वाळूची. पात्र रुंद, आणि लठ्ठ्यांच्या, म्हणजे ओंडक्यांच्या, भाराखाली बंडीचं चाक वाळूत बसलं की बैलांची एक जोडी ते काढू शकत नाही. पुढे दुसरी जोडी जुंपावी लागते. मी बंड्या आल्या त्या क्रमाने सोडल्या होत्या. पात्राच्या मध्यावर एक बंडी रुतली. मागच्या माणसाला मी म्हणालो, "तुझी जोडी लाव."

तो म्हणाला, "काऊन? ते आमच्या गावची आहे का?"

त्याच्या मागचाही तसाच. प्रत्येकाचं गाव वेगळं, आणि परक्या बंडीसाठी आपले बैल कोण वाळूत मारून घेणार? संध्याकाळपर्यंत सगळी ओळ पाण्यात उभी राहिली. एका बैलाचा पाय मोडला. मूलला पोचलो तेव्हा आमचे मॅनेजर वेताच्या खुर्चीत बसून वाटच बघत होते. नागपूरचा माणूस, आवाज चढवत नसे.

"अजून एक खेप देतो," ते म्हणाले. "ते बी अशीच अडकली, तं या लाकडासंग तुझी पेटी बी रेल्वेत चढवीन."

पेटी म्हणजे माझी पत्र्याची ट्रंक. मी हो म्हणालो आणि परतीच्या वाटेवर पुन्हा नदीच्या पडावाला आलो.

पडाव हवालदारभाऊंच्या ताब्यात होता. वाळूत झिरा खोदून पिण्याचं पाणी काढणं, बैलांचा चारा ठेवणं, चाकं रुतू नयेत म्हणून पात्रात बांबूचे तट्टे आणि फांद्या पसरणं, या कामाचा त्यांना कंपनीकडून पगार मिळे. अंगात फौजेचा जाड कोट, मिशीला मेण की तेल काय ते कधी कळलं नाही, पण ती नेहमी वर. बोलायला बसले की आवरायचे नाहीत. त्यांनी "आमी ग्रीसमंधी होतो तवा" एवढं म्हटलं की कोणीतरी ओरडायचं, "हवालदाराची लडाई सुरू झाली, बैल सोडा रे! आता काई आज जानं नाई." तेही हसायचे आणि पुढे सांगतच राहायचे.

त्या सकाळी मी झिऱ्यापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून झिऱ्यापर्यंत फिरत होतो.

"मुन्शीभाऊ," ते म्हणाले, "बुडाखाली इंगळ ठेवला का कोनं? बस ना बावा. च्या घे."

मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. मॅनेजर, ट्रंक, भाऊ, त्याची शाळा. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हे त्यांच्या बाबतीत नवलच. मग त्यांनी वाळूवर हात फिरवून जागा सपाट केली आणि खडे मांडायला लागले.

"तुह्या बंड्या म्हंजे फौज नाई, बजार आहे. आता हे पाह्य. दहा-बारा गड्याचं सेक्शन. असे तीन-चार मिळून प्लाटून. प्लाटूनी मिळून कंपनी, कंपन्या मिळून पलटन. इथपरेंत सगळ्या फौजा सारख्याच. पुढं आपल्यात ब्रिगेड येते. ग्रीसवाल्याची लडाईआधीची रीत अलग. तीन पलटनीची एक रेजिमेंट, अन् तीन रेजिमेंटीची डिव्हिजन. वर्तून पहाडी तोफा, त्या खच्चरावर. एका खच्चरावर नळी, दुसऱ्यावर चाक. पहाडात मोटार कुठी जाते?"

"याचा आणि माझ्या बंड्यांचा काय संबंध?" मी विचारलं.

"आयक तं. आपल्या फौजेत कंपनी जातीनं. हे शिखाची, हे मराठ्याची. त्याची डिव्हिजन मुलुखानं. त्या डोंगराची ते, या बेटाची हे. माह्या संग एक लंगडा खच्चरवाला होता ग्रीसचा. क्रीट नावाच्या बेटावरचा. त्याले हिंदुस्थानी दोनच शब्द ये, पानी अन् जल्दी. मले त्याचे चार. बाकी हातानं. त्यानं असेच खडे मांडून दाखवलं होतं मले. त्याच्या बेटाची एक पुरी डिव्हिजन होती. शिपाई बी बेटाचा, खच्चर बी बेटाचं. सेक्शनमंधी भाऊ, चुलतभाऊ, साळे. बर्फात एकाचा पाय गेला, तं उचलनारा त्याच्या मावशीचा पोरगा. हुकूम द्या लागत नाई तिथं. इटलीवाला आला होता मोठ्या तोऱ्यात. या मुलखी डिव्हिजनींनं त्याले पहाडातून मागं ढकलत नेलं."

मला एकदम दिसलं. रुतलेली बंडी एका गावची आणि मागचीही त्याच गावची, तर जोडी लाव म्हणून सांगावंच लागणार नाही. गाव म्हणजे कंपनी. गावाचा एक नायक, आणि प्रत्येक गावाच्या ओळीत शेवटी एक मोकळी जोडी. मी उठलोच.

"अरे, कुठी चालला? पुढचं आयक. असल्या डिव्हिजनीचं एक वाईट बी असते—"

"आल्यावर ऐकतो, हवालदारभाऊ!"

"सगळे असेच पळतेत," ते मागे कोणालातरी म्हणाले.

पुढचे दिवस मी गावोगाव फिरलो. या वेळी एकेकट्या माणसाशी ठरवलं नाही, गावाशी ठरवलं. सगळ्यात मोठी ओळ मिळाली ती जंगलातल्या एका गोंड गावाची. तिथल्या वडीलधाऱ्या माणसाने मला विचारलं होतं, "सगळेच नेता का, मुन्शी?" मी म्हणालो, सगळेच, एकत्र गेलात तर लवकर परत याल. त्याने एकदा गावाबाहेरच्या खळ्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणाला. नदीकाठच्या दुसऱ्या एका गावाची ओळ त्यांच्या पुढे लावली. दोन्ही गावांत सोयरीक होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

खेप नदीवर आली ती सकाळी, ऊन अंगावर गोड लागत असताना. काठच्या गावाच्या बंड्या पात्रात उतरल्या. तिसरी की चौथी रुतली आणि मी धावत निघालो, तोवर मागच्या माणसाने आपली जोडी सोडून पुढे लावलीसुद्धा. "ओढ रे साळ्या, जेवला नाई का!" असं कोणी ओरडलं, हशा झाला, चाक सुटलं. मी काही बोललोच नव्हतो. हवालदारभाऊ गुडघाभर पाण्यात तट्टे सरळ करत उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून मिशीवरून हात फिरवला. मलाही वाटलं, आज मी कोणीतरी आहे.

दुपारी काठचं गाव पलीकडे लागत होतं आणि जंगलातल्या गावाच्या बंड्या अलीकडे रांगेत होत्या. तेव्हा पहिल्यांदा माझं लक्ष वर गेलं. उन्हाचा रंग बदलला होता. दक्षिणेकडून ढग आले होते, त्या दिवसांत कधी येत नाहीत असे, खालून काळे. पाठीमागच्या वाटेने एक म्हातारी आणि तिच्याबरोबर दोन बायका जवळजवळ पळत आल्या. म्हातारी थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तूच का मुन्शी?"

"हो, बाई."

"गावात एक तरी मरद ठेवला का रे? एक तरी बैल ठेवला का? धान खळ्यावर पडून आहे. आता काय तुह्या डोस्क्यावर चुरू?"

बंडीवाले तिच्याभोवती जमले. मला अजून पुरतं कळलं नव्हतं. हवालदारभाऊंनी समजावलं. या जंगलातल्या गावाचं धान उशिराचं. कापून झालं होतं, पेंढ्यांचे ढीग, ज्याला इथे पुंजणे म्हणतात, खळ्याशी रचलेले होते. काही पुंजणे चुरायला, म्हणजे बैल फिरवून मळायला, उघडून ठेवले होते. पाऊस झाला तर उघडं धान भिजून तिथेच कोंब धरणार. ते झाकायला, रचायला, मळायला माणसं लागतात आणि बैल लागतात. दोन्ही माझ्यापुढे रांगेत उभे होते, सागवानाला बांधलेले. मी भाताच्या मुलखातला. आमच्याकडे याच ढिगाला उडवी म्हणतात, ओली झाली की आई कशी रात्रंदिवस उलथत बसायची ते मी बघितलं होतं. इतका वेळ माझ्या डोक्यात फक्त चाकं होती.

हवालदारभाऊ माझ्याजवळ आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "तवा पळाला तू, आता उभ्यानं आयक. त्या बेटाची डिव्हिजन पुरी लडाईवर नेली होती, दर्याच्या पलीकडं. बेटावर राह्यले म्हातारे, बाया, पोरं. मंग जर्मन आला. दर्यापलीकडची सगळी फौज हरली, हे डिव्हिजन बी मोडली, बंदुका ठेवून द्या लागल्या. अन् जर्मन आभायातून छत्र्या घेऊन त्या बेटावरच उतरला. घर जळून राह्यलं अन् घरचा शिपाई दर्याच्या पलीकडं, हातात काई नाई, होडी बी नाई. लंगडा हे सांगता सांगता खडे फेकून दे. त्याच्या मायनं कोयता घेऊन जर्मनाची वाट अडवली होती म्हने, अन् हा पलीकडं बसला होता."

"पुढे?"

"पुढं काय. लडाई सरल्यावर इंग्रजानं नवे कपडे दिले, डिव्हिजनी पुन्हा उभ्या केल्या. लंगडा काई भरती झाला नाई. त्याले बेटावर जाचं होतं." त्यांनी ढगाकडे मान केली. "एका मुलुखाचे सगळे गडी एका ओळीत घेतले, तं ओळ मजबूत होते. मुलूख उघडा पडते. आता बोल. ओळ तुही आहे."

सगळे माझ्याकडे बघत होते. कोणी बैल सोडत नव्हतं. त्यांनी ठरवलंच असतं तर माझ्याच्याने काय अडवणं झालं असतं? पण ठरल्या कामाला बांधलेली माणसं ती, परवानगीची वाट बघत होती, आणि परवानगी द्यायला तिथे मीच होतो. मला ट्रंक दिसली. धाकटा दिसला, पाटी घेऊन धक्क्यावर उभा. ही ओळ अर्धी पोचली तर मॅनेजर काय म्हणतील ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती, रागाने नव्हे, नुसती बघत होती, आणि तेच मला सहन होईना.

"सोडा," मी म्हणालो. पहिल्या बंडीच्या लठ्ठ्याचा दोर सोडत पुन्हा म्हणालो, "सोडा! लठ्ठे इथेच उतरवा."

मग तिथे जे झालं त्याला माझी गरज नव्हती. लठ्ठे काठावर घरंगळले, रिकाम्या बंड्या वळल्या, बैलांनाही कळलं असावं की घरची वाट आहे. म्हातारी जाता जाता म्हणाली, "लंबा मुलूख दिसते तुहा. पोटाले खात जा काई." पलीकडून काठच्या गावाचा नायक पाण्यातून परत आला. "काय झालं? त्या गावात माही बहीण दिली आहे," तो म्हणाला. ऐकून घेतलं आणि आपल्या चार-पाच गड्यांना त्यांच्या मागे पाठवून दिलं. बाकीच्यांना म्हणाला, "सोयऱ्याचं लाकूड आहे. जेवढं होते तेवढं नेऊ." त्यांनी काठावरचं काही सागवान दुसऱ्या फेरीत ओढून नेलं. बरंच तरीही तिथेच राहिलं.

या गडबडीत हवालदारभाऊ कोट चढवून निघाले. जंगल खात्याचा एक ट्रक पलीकडच्या काठावरून मूलला जात होता.

"दोर आणाले जाऊन राह्यलो," ते म्हणाले. "तू बंड्या घेऊन ये सावकाश."

पडावावर दोर भरपूर होते. हे माझ्या लक्षात आलं सावली गाव मागे टाकल्यावर, मग ते मूलला कशाला गेले? तेव्हापासून मूलपर्यंत माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. मी बंडीवर बसायचो, उतरायचो, बैलांच्या पुढे चालायचो. पाऊस आमच्या पाठीमागे लागला आणि एक रात्र झोडपून गेला. जंगलातलं धान तोवर झाकून झालं होतं, थोडंच भिजलं, असं मागाहून कळलं.

मूलच्या यार्डात शिरलो तेव्हा राइस मिलचा कोंडा हवेत उडत होता आणि मॅनेजर त्याच खुर्चीत होते. मी पाठ केलेलं बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"मले सगळं समजलं. हवालदार येऊन कबूल झाला. बंड्या त्यानं सोडल्या, तुले विचारलं बी नाई. पडाव त्याच्याकडून काढला."

"नाही साहेब. सोडा म्हणालो ते मी. सगळ्यांसमोर म्हणालो."

मला वाटतं, त्यांना खरं काय ते माहीत होतं.

"हे पाह्य," ते म्हणाले, "मालकाले दाखवाले मले एक मानूस पायजे होता. तो भेटला. आता दुसरा घेऊन गेलो, तं मालक मलेच विचारन, तुह्या डोस्क्यात काय आहे म्हनून. लाकूड उतरव. अन् काठावरचं आठ दिवसात आण."

मी तिथेच उभा राहिलो. पुन्हा म्हणालो, "साहेब, मी म्हणालो होतो." त्यांनी कागदात तोंड घातलं.

हवालदारभाऊ मला बाजारात सापडले. मिरच्या निवडत होते, एकेक उचलून, जसं काही झालंच नव्हतं. मी भांडायलाच गेलो होतो. "कशाला केलंत हे? मी सांगितलं त्यांना खरं, ऐकत नाहीत. तुम्ही चला, तुम्ही सांगा."

"तूच बोंबलत फिरला असशीन, मले ठाऊक होतं," ते म्हणाले. "म्हनून तं आधी आलो."

"पण तुमचा पडाव गेला."

"मंग? एकाले जा लागतच होतं. मले इथून घरी जाले एक कोस. भाऊ आहे, वावर आहे, वहिनी चार शिव्या देईन अन् भाकर बी देईन. तुले घरी जाले किती लागते?"

दोन रात्री रेल्वेत, पुढे मोटार, पुढे बोट, पुढे खाडी. त्यांनी मिरच्या रुमालात बांधल्या.

"लहान्याले शिकव," ते म्हणाले. "अन् तू थोडा बस गा कुठीतरी. सारखा उभाच राह्यते."

पुढच्या खेपा आम्ही वेगळ्या रीतीने नेल्या. गावाची ओळ गावाचीच, पण निम्मी. निम्मे गडी आणि निम्मे बैल घरी, आणि खळं उठल्याशिवाय त्या गावाला हात लावायचा नाही. जोडीला सोयऱ्यांचं गाव घ्यायचं. मॅनेजरना वाटतं ही माझी अक्कल आहे. मी दर वेळी सांगतो की ही हवालदारभाऊंची आहे आणि अर्धी एका लंगड्या ग्रीक माणसाची. ते म्हणतात, बरं बरं.

हवालदारभाऊ आता भावाच्या वावरात राबतात. फौजेची पेन्शन त्यांना नाही, लढाईपुरतीच नोकरी होती. वहिनीच्या शिव्या ते सांगतात त्याहून जास्त असाव्यात. चिमूरच्या यात्रेत मागच्या साली भेटले तेव्हा कोट नव्हता. विचारलं तर म्हणाले, उकडते. थंडीचे दिवस होते. पडावावर आता दुसरा माणूस आहे. तो वाईट नाही, पण त्याने टाकलेले तट्टे पहिल्या बंडीबरोबरच वाहून जातात.

मी अजून लहानच माणूस आहे. खुर्चीतल्या माणसासमोर मी अजून उभ्यानेच बोलतो, आणि एका शब्दाने माझं बस्तान उठू शकतं हे मी कुठल्याही दिवशी विसरत नाही. पण धाकटा पुढच्या साली मॅट्रिकला बसेल. तो कमावता झाला की माझ्यामागची ही भीती निम्मी होईल. त्या दिवशी मी मॅनेजरकडे नाही, थेट मालकाकडे, त्या ठेकेदाराकडे, जाणार आहे. बंड्या कोणी सोडल्या ते त्यांना सांगेन, आणि माझी नोकरी राहो की न राहो, वैनगंगेचा पडाव हवालदारभाऊंच्या हातात परत देववीन. तोवर दर थंडीत त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या धानाच्या चुरण्याला उभा राहतो. एवढ्याने ते ऋण फिटत नाही, मला ठाऊक आहे. पण फेडीन. हवालदारभाऊ, हे कोणी तुम्हाला वाचून दाखवलं तर ऐकून ठेवा, एक दिवस फेडीनच.